घुंगरू ओवणं, बांधणं आणि सोडणं

कथकच्या वर्गात नवीन आलेल्या मुलीची आई पहिल्या महिन्यातच विचारते, "ताई, घुंगरू कधी आणायचं?" मी सांगते, "सहा महिन्यांनी. आणि आणाल तेव्हा ओवलेलं आणू नका, सुटं आणा. दोरी वेगळी आणा. ओवायचं इथे बसून, तिनेच." या लेखात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे: आपली घुंगरं आपण ओवावीत. पुढचं सगळं, म्हणजे पायाला नीट बसणं, रंगमंचावर न सुटणं, वर्षानुवर्षं टिकणं, यावरच अवलंबून असतं.

कथकमध्ये बूट नसतात, चप्पल नसते. अनवाणी तळवा आणि त्यावरची घुंगरं, एवढंच पादत्राण. म्हणून बॅले शिकणाऱ्या मुली बुटांची जशी निगा राखतात, तशीच निगा आपण या माळांची राखायला हवी. भरतनाट्यमवाल्यांचं काम थोडं सोपं असतं. त्यांच्याकडे चामड्याच्या किंवा मखमलीच्या पट्टीवर ओळीने शिवलेली घुंगरं असतात, पट्टी गुंडाळून बांधली की झालं. कथकमध्ये आणि आपल्या लावणीत मात्र दोरीवरची माळ फेऱ्यांनी बांधतात. लावणीत तिला चाळ म्हणतात आणि संगीतबारीतल्या कलावतींचे चाळ आपल्या घुंगरांपेक्षा कितीतरी जड असतात. बांधण्याचं तत्त्व मात्र दोन्हींकडे एकच.

खरेदी

घुंगरू पितळेचं, ओतीव घ्यायचं. आपल्याकडच्या दुकानांत येणारा बराच माल उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यातल्या जलेसर गावचा असतो. घंटा आणि घुंगरं हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पत्र्याची, सोनेरी मुलामा दिलेली हलकी घुंगरं स्नेहसंमेलनापुरती ठीक आहेत, पण तत्कार (पायांनी जमिनीवर ताल वाजवणं) करायला निरुपयोगी. ती वाजत नाहीत, नुसती खुळखुळतात.

किती घ्यायची? लहान मुलीला एका पायाला २५ पुष्कळ झाली. दहा-बारा वर्षांच्या मुलीला ५०. शंभरावर यायला दोन-तीन वर्षांचा रियाज हवा. एक घुंगरू १० ग्रॅमचं धरलं, तर शंभरांची माळ १ किलोची होते, आणि ते वजन प्रत्येक पदन्यासात घोट्याने उचलायचं असतं. शेजारच्या मुलीने दीडशे बांधली म्हणून आपणही बांधायची, असला हट्ट करू नका. गुडघा आणि पोटरी त्याची किंमत मोजतात. पाय तयार झाला की पन्नासांतूनही बोल (तालाची अक्षरं) स्वच्छ निघतो. तो निघाला नसेल, तर दोनशे घुंगरं नुसता गोंगाट करतात.

दुकानात घाई करू नका. प्रत्येक घुंगरू कानाजवळ धरून हलवा. आत लोखंडी गोळी असते, ती मोकळी फिरायला हवी. आवाज ठक्क असा बसका आला तर ते बाजूला ठेवा, बहुधा कुठेतरी तडा असतो. मग खालच्या चिरेवरून अंगठा फिरवा. चिरेची कड खरखरीत असेल तर ती दोरी कापते, कपडे ओढते आणि दुसऱ्या पायाला ओरखडे काढते. थोडीशी धार असेल तर घरी बारीक पॉलिश पेपरने घासून जाते. शेवटी वरची कडी बघा. तुमची दोरी तिच्यातून दोन पदरी जायला हवी. एक पदर कसाबसा जात असेल तर तो माल नको. दोन पायांसाठी जितकी लागतात, त्याहून दहा जास्त घ्या. वर्षभराने त्याच आकाराची, त्याच आवाजाची घुंगरं मिळतीलच असं नाही.

दोरी

सुती, विणीची, साधारण ३ मिलिमीटर जाडीची. नायलॉनची नको, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. नायलॉन दिसायला मजबूत असतं, पण त्याची गाठ घट्ट बसत नाही, घामाने सरकते आणि घर्षणाने कातडी सोलते.

दोरी आणली की लगेच ओवायला बसू नका. आधी रात्रभर पाण्यात भिजवा, चोळून खळ काढा आणि दोन खिळ्यांमध्ये ताणून वाळवा. सुती दोरी पहिल्या पाण्याला आटते. ती ओवून झाल्यावर, पायाच्या घामाने आटली तर माळ वेडीवाकडी आखडते. वाळलेली दोरी हाताला मऊ लागते आणि गाठ सुंदर घेते.

लांबी किती, हे कोणाला विचारण्यापेक्षा मोजून काढा. दहा घुंगरं ओवून पाहा आणि किती दोरी खर्च झाली ते पट्टीने मोजा. माझ्या हाताला दहा घुंगरांना प्रत्येक पदराची साधारण ३० सेंटिमीटर दोरी लागते. म्हणजे शंभरांना ३ मीटर. सुरुवातीची मोकळी शेपटी ४० सेंटिमीटर, शेवटची सव्वा मीटर. बेरीज ४ मीटर ६५ सेंटिमीटर होते, म्हणून मी पाच मीटरचे दोन पदर घेते. एका पायाला दहा मीटर, दोन पायांना वीस. दोरी उरली तर चालते, पण ऐंशीव्या घुंगरावर संपली की सगळं उसवावं लागतं.

टोकं सुटू नयेत म्हणून मेणबत्तीच्या वितळलेल्या मेणात बुडवून बोटांनी पीळ द्या. गार झालं की टोक सुईसारखं कडक होतं आणि कडीतून सहज जातं.

ओवणं

एक संध्याकाळ मोकळी काढा. जमिनीवर चादर अंथरा म्हणजे घुंगरं घरंगळणार नाहीत. दोन्ही पदर एकत्र धरून टोकापासून ४० सेंटिमीटरवर एक गाठ मारा. ही गाठ खिडकीच्या गजाला अडकवा, किंवा आमच्या बाई करायच्या तसं पायाच्या अंगठ्यात धरा. आता दोन पदर तुमच्याकडे लोंबताहेत.

पहिलं घुंगरू घ्या. उजवा पदर कडीतून उजवीकडून डावीकडे घाला. डावा पदर त्याच कडीतून डावीकडून उजवीकडे. दोन्ही पदर कडीत एकमेकांना ओलांडून जातात. दोन्ही टोकं ओढा, घुंगरू वरच्या गाठीला जाऊन टेकेल. लगेच त्याच्याखाली दोन पदरांची अर्धी गाठ मारा, आपण नाडी बांधताना पहिली मारतो तशी, आणि कचकचून आवळा. मग दुसरं घुंगरू. पुन्हा ओलांडणी, पुन्हा अर्धी गाठ.

पदर ओलांडण्याचं कारण आहे. प्रत्येक घुंगरू दोन स्वतंत्र दोऱ्यांवर टांगलेलं राहतं. नाचताना एक पदर तुटला तरी दुसरा त्याला धरून ठेवतो. आणि मधल्या गाठीमुळे तुटलेली जागा तिथेच थांबते, माळ ओघळत नाही. बाजारच्या तयार माळांत बऱ्याचदा एकच पदर असतो आणि गाठ दर पाच घुंगरांनी एक.

पहिली वीस-पंचवीस घुंगरं जरा सैल-घट्ट होतात. हात बसला की गाठी एकसारख्या पडायला लागतात. तेव्हा थांबून सुरुवातीचा भाग उसवा आणि परत ओवा. कंटाळा येतो, पण सैल भागातली घुंगरं एकमेकांवर आपटून नको तिथे वाजतात. दर दहा घुंगरांना मोजून घ्या आणि दोन्ही माळा ओवून झाल्यावर त्या शेजारी शेजारी ठेवून लांबी जुळते का ते पाहा. चार बोटांचा फरक पडला, तर एका पायाला अर्धा फेरा जास्त येतो आणि दोन पाय दोन उंचीचे दिसतात.

शेवटच्या घुंगरानंतर निरगाठ. उरलेली सव्वा मीटर शेपटी मोकळी सोडा, ती बांधायला लागते.

पायाला बांधणं

आधी पाय धुऊन, पुसून कोरडा करा. मग जमिनीवर बसा. आमच्या वर्गात घुंगरांना हात जोडून, कपाळाला लावून मगच बांधतात. त्या दोन क्षणांत हाताची घाई थांबते.

घोट्यावर नुसती घुंगरं बांधली तर कातडी सोलवटते, म्हणून खाली पट्टी हवी. जुन्या सुती साडीची सहा सेंटिमीटर रुंद आणि मीटरभर लांब पट्टी सगळ्यात छान. क्रेप बँडेज वापरायचं तर ते न ताणता गुंडाळा. ताणून गुंडाळलं तर वरून घुंगरं आवळल्यावर पावलाला मुंग्या येतात आणि आपल्याला वाटतं घुंगरं घट्ट झाली. पट्टीत एकही चुणी राहू देऊ नका. एवढीशी चुणी अर्ध्या तासात कातडीत रुतते.

आता एक गुडघा उभा करा, तळवा पूर्ण जमिनीवर टेकवा, पाऊल आणि नडगी काटकोनात. पाय लांब करून बांधू नका. लांबवलेल्या पायात घोट्यापुढच्या शिरा सैल असतात आणि उभं राहिलं की त्या फुगून दोरी काचते.

सुरुवातीची ४० सेंटिमीटरची शेपटी नडगीच्या बाहेरच्या बाजूने उभी, गुडघ्याकडे तोंड करून ठेवा आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबून धरा. घोट्याच्या हाडाच्या वर एक बोट जागा सोडून पहिला फेरा घ्या. घुंगरं बाहेरच्या बाजूला, दोरी पायाला लागून. पहिला फेरा उभ्या शेपटीवरून जाईल, दुसराही, सगळेच. त्यामुळे शेपटी फेऱ्यांखाली दाबली जाऊन माळ गोल फिरत नाही, आणि बांधून झालं की तिचं टोक वर हाताशी तयार मिळतं.

पहिले दोन फेरे घट्ट, कारण सगळ्या माळेचं ओझं त्यांच्यावर असतं. मधले फेरे एकाला एक चिकटून, खालच्या फेऱ्याच्या दोन घुंगरांमधल्या खाचेत वरचं घुंगरू बसेल असे. शेवटचे दोन फेरे किंचित हलक्या हाताने घ्या, कारण तिथे पोटरीचा स्नायू सुरू होतो आणि नाचताना तो फुगतो. शंभर घुंगरांचे साधारण सहा-सात फेरे होतात. मग उरलेली लांब शेपटी सर्वांत वरच्या फेऱ्याच्या लगेच वर दोन-तीन वेळा सपाट गुंडाळा आणि उभ्या शेपटीशी गाठ मारा.

गाठ कुठे? पायाच्या बाहेरच्या अंगाला. पुढे नडगीच्या हाडावर मारली तर काळनिळं होतं. मागे टाचेच्या शिरेवर मारली तर टाच उचलली की ती टोचते. आतल्या अंगाला मारली तर दुसऱ्या पायाची घुंगरं तिच्यात अडकतात, आणि चक्करमध्ये, म्हणजे गिरकीत, दोन पाय एकमेकांत गुंतणं म्हणजे सरळ पडणंच.

आणि कोणती गाठ? वर्गात सुरगाठ चालते. तासाभराने एक टोक ओढलं की सुटते. कार्यक्रमात निरगाठ, तीही दोनदा, आणि उरलेली टोकं वरच्या फेऱ्याखाली बोटाने खोल खुपसून टाकायची. टोक बाहेर लोंबत राहिलं तर त्यावर स्वतःचाच पाय पडतो.

उजव्या पायाला फेरे ज्या दिशेने घेतले, त्याच्या उलट दिशेने डाव्या पायाला घ्या. म्हणजे दोन्ही गाठी बाहेरच्या अंगाला, आरशात पाहावं तशा येतात.

घट्ट झालं की सैल?

वरच्या फेऱ्याखाली करंगळी जेमतेम जायला हवी. पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा, पांढरं झालेलं नख लगेच गुलाबी झालं पाहिजे. मग उभं राहून चवड्यांवर चढा, उतरा, आणि ठाय (संथ) लयीत "ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्" चार आवर्तनं करा.

या वेळी फक्त कान द्या. पाय पडला की "छन्न" असा एकच आवाज यावा आणि पायासोबत थांबावा. पाय थांबल्यावरही मागे "छुनुनुन्" असा आवाज रेंगाळत असेल तर माळ सैल आहे. तबल्याची थाप पडून गेली आणि घुंगरं अजून बोलताहेत, असं ते ऐकू येतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेत परीक्षक समोर हाताच्या अंतरावर बसलेले असतात, त्यांच्या कानातून हे सुटत नाही. कित्येकदा मुलीची लय पक्की असते, माळ सैल असते आणि नाव लयीचं खराब होतं.

उलट आवाज बंद, कोंडल्यासारखा येत असेल तर फेरे एकमेकांवर चढलेत. सोडून परत बांधा. पाच मिनिटं जातात, जाऊ द्या.

घरी रियाज करताना फरशीवर थेट तत्कार करू नका. सिमेंट आणि टाइल पायाचा आघात जसाच्या तसा टाचेत परत पाठवतात. लाकडी फळ्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर सतरंजीची दुहेरी घडी. खालच्या मजल्यावरचेही दुवा देतील.

कार्यक्रमाच्या दिवशी

आदल्या रात्री माळ हातात घेऊन एकेक गाठ बोटाने चाचपा. हे काम टाळण्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. एका स्पर्धेत माझ्या विद्यार्थिनीने ऐनवेळी मैत्रिणीकडून आणलेली तयार माळ बांधली होती. नायलॉनची, एकपदरी. द्रुत (जलद) तत्कारात ती तुटली. घुंगरं रंगमंचभर उडाली. पोरीने नाच थांबवला नाही, सम (तालाची पहिली मात्रा) गाठली, नमस्कार केला, सगळं केलं. पण तिच्यानंतरच्या समूहातली एक लहान मुलगी पडद्याजवळ घरंगळलेल्या घुंगरावर पाय पडून घसरली आणि तिचा घोटा मुरगळला. त्या दोघींच्या जागी मी स्वतःला दोषी धरते. मी तपासायला हवं होतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मुलीची माळ आदल्या दिवशी माझ्या हाताखालून जाते, आणि कोणाचंही घुंगरू पडलं तर पुढचा नाच सुरू होण्याआधी विंगेतून कोणीतरी झाडू घेऊन जातं.

आळता लावायचा असेल तर घुंगरं बांधायच्या तासभर आधी लावा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या आळत्यावर सुती पट्टी ठेवली तर ती लाल होतेच, शिवाय दोरीही रंग पिते आणि तो डाग पुन्हा निघत नाही.

वेशभूषा, केस, दागिने झाल्यावर सगळ्यात शेवटी घुंगरं. चुडीदार असेल तर त्याच्या चुण्या आधी खाली ओढून सारख्या करा आणि फेरे त्याच्यावरून घ्या. नऊवारी नेसून लावणी करणार असाल तर एकदा नेसल्यावर वाकणं जड जातं, तेव्हा बांधायला मैत्रीण हवी. पण ताण तिला नीट कळत नाही, म्हणून पहिले दोन फेरे तरी स्वतः घ्या. प्रवेशाच्या वीस मिनिटं आधी बांधून व्हायला हवं. विंगेमागे चार-सहा मिनिटं पाय मोकळे केले की फेरे आपली जागा घेतात आणि सगळ्या माळा थोड्या सैलावतात. तेव्हाच वरची गाठ सोडून पुन्हा आवळायची. ही दुसरी आवळणी बहुतेक जणी विसरतात, आणि माळ तिसऱ्या तुकड्यात (बोलांच्या छोट्या रचनेत) घोट्यावर घसरते.

विंगेत उभं असताना समोर दुसऱ्याचा अभिनय चालू असतो आणि तुमचं एक पाऊलही प्रेक्षागृहात ऐकू जातं. मोठा रुमाल घुंगरांवरून घट्ट गुंडाळून ठेवा आणि प्रवेशाच्या आधी काढा. मंचावर पडदा उघडायच्या आधी अनवाणी एक फेरी मारून खिळे, फळ्यांमधल्या फटी, वायरी बघून घ्या. पायांजवळ माइक ठेवणार असतील तर ध्वनी बघणाऱ्या दादांना तत्कार करून दाखवा. घुंगरांचा आवाज त्यांना आधी कळला नाही, तर पहिल्याच तुकड्यात तबला बुडतो.

पिशवीत जादा सुटी घुंगरं, दोन मीटर दोरी, कात्री, चिकटपट्टी आणि सुती पट्टीची एक जादा जोडी ठेवा.

सोडणं आणि ठेवणं

नाच संपला की बसूनच सोडा. उभ्याने, एक पाय वर धरून माळ उपसली की गाठींवर ताण येतो. शेवटच्या फेऱ्यापासून उलट क्रमाने उलगडत या.

घाम लागलेली माळ तशीच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. पितळेच्या भांड्यात दही कळकतं तसं पितळ घामानेही कळकतं. कडीभोवती हिरवट थर धरतो आणि तो दोरी आतून खातो. कोरड्या फडक्याने पुसा, पंख्याखाली रात्रभर पसरा, मग सुती पिशवीत ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून हवा द्या, नाच असो वा नसो.

ओवलेली घुंगरं कधीही चिंचेच्या पाण्यात बुडवू नका. दोरी पाणी धरून ठेवते, पाणी चिरेतून आत जातं आणि लोखंडी गोळी गंजते. गंजलेली गोळी एकदा चिकटली की घुंगरू मुकं होतं. घासायची ती वर्षातून एकदा, सगळी उसवून. मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दोरी कापते. मुली गोल करून बसतात, घुंगरं परातीत ओततात, चिंच-मीठ लावून घासतात, तीन पाण्यांतून काढतात आणि प्रत्येक घुंगरू झटकून चिरेतलं पाणी पाडतात. मग वर्तमानपत्रावर, चीर खाली करून, उन्हात. दुपारी उलटी करायची. संध्याकाळी एकेक कानाशी हलवून बघायचं. आत चुळुक् असा ओला आवाज आला तर ते अजून एक दिवस उन्हात. दुसऱ्या दिवशी पूजेला ती सुटीच ठेवतो, शंभरची रास उजव्या पायाची, शंभरची डाव्या पायाची. दसऱ्याला नवी दोरी, पहिली गाठ, आणि पुन्हा एकापासून मोजायला सुरुवात.